पैसे घ्यायला पिन लागत नाही

निरगुडसरचा शेतकरी कांदा घेऊन मंचरच्या बाजार समितीत जातो, तेव्हा समोरचा व्यापारी परवानाधारक असतो. पैसे थकले तर दाद मागायला जागा असते. जुना फवारणी पंप किंवा रोटाव्हेटर मोबाइलवरून परमुलखातल्या माणसाला विकताना हा आधार उरत नाही. म्हणून तिथे माणसाच्या ओळखीवर नव्हे, खात्यात जमा झालेल्या रकमेवरच विसंबावे. देशभर पुन्हा पुन्हा घडलेली फसवणूक पाहा: गिऱ्हाईक स्वतःला लष्करी जवान म्हणवते, ओळखपत्राचा फोटो पाठवते, घासाघीस न करता सौदा ठरवते आणि ‘पैसे पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका’ असे सांगते. यूपीआयचा पिन पैसे देताना किंवा शिल्लक पाहताना लागतो, घेताना कधीच नाही. तो टाकला की विकणाऱ्याच्याच खात्यातून रक्कम जाते. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे पैशांची मागणी पाठवण्याची यूपीआयवरची सोय ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, पण कोडची युक्ती त्याने संपत नाही.

कोणी म्हणेल, आधी पैसे मागितले तर दूरचे गिऱ्हाईक तुटेल. फसण्याची भीती त्यालाही असते. ती रास्तच आहे. तेव्हा व्हिडिओ कॉलवर यंत्र चालवून दाखवा, थोडा विसार घ्या आणि बाकीची रक्कम टेम्पोत माल चढण्याआधी घ्या. स्क्रीनशॉट आणि एसएमएस दोन्ही बनावट असू शकतात. बँकेच्या ॲपमध्ये स्वतः पाहा. तरीही फसलात तर लाजेने गप्प राहू नका. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा; रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी कळवले, तर ती गोठवता येण्याची शक्यता जास्त असते.