वरचा साहेब, हाताखालचा माणूस

‘वरचा साहेब’ आणि ‘हाताखालचा माणूस’ हे शब्द आपण रोज वापरतो. भाषाच हुद्दा उंचीने मोजते, मग डोळे मागे कसे राहतील?

१९६८ साली पॉल विल्सन यांनी ऑस्ट्रेलियातील विद्यार्थ्यांच्या निरनिराळ्या गटांपुढे एकच पाहुणा उभा केला. एका गटाला तो विद्यार्थी म्हणून सांगितला, दुसऱ्याला अधिव्याख्याता, आणखी एकाला प्राध्यापक. तो गेल्यावर त्याची उंची अंदाजाने विचारली. हुद्द्यागणिक गृहस्थ वाढत गेले. विद्यार्थी आणि प्राध्यापक यांत सुमारे अडीच इंचांचा फरक पडला!

शाळा मी सातवीत सोडली, पण हा धडा मला कारखान्यात मिळाला होता. बोनसच्या बोलण्यांसाठी गेलो, तर साहेबांची खुर्ची उंच आणि आमचे बाक बुटके, गुडघे छातीशी येणारे. साहेब सावकाश पाणी पीत, फायलीचे पान सावकाश उलटीत. ज्याचा वेळ स्वतःचा असतो, त्याला घाई नसते. आमचे लोक अंग चोरून बसलेले, आणि हाक आली की धडपडून उठणारे. मान वर करून हक्क मागितला तरी तो याचनेसारखाच ऐकू येतो. त्या दिवशी अर्ध्या मागण्या माझ्या तोंडून निघाल्याच नाहीत, आणि त्याची झळ साऱ्या खात्याला बसली.

पुढच्या खेपेस आम्ही बाक मागे सारले आणि उभ्यानेच बोललो. नाइलाजाने साहेबही उठले. माझ्या खांद्याला जेमतेम लागत होते.