*डबीतली गोळी की ताटातली भाजी?*

फवारणी आणि बाजारभावाचे मेसेज रोजच येतात. आज जरा आपल्या तब्येतीविषयी.

'अँटिऑक्सिडंट'च्या गोळ्या, पावडरी, ज्यूस आता गावात दारापर्यंत विकायला येतात. "रोज एक घ्या, कॅन्सर, शुगर, हार्टचा त्रास होणारच नाही," असं सांगतात. पैसे मोजण्याआधी एवढं वाचा.

*हे अँटिऑक्सिडंट काय असतं?*
चिरलेलं वांगं उघडं ठेवलं की हवेतल्या ऑक्सिजनमुळे काळं पडतं. लिंबू पिळलं तर ते लांबतं. शरीरातही अन्नापासून ऊर्जा तयार होताना 'फ्री रॅडिकल' नावाचे उपद्रवी कण निघतात. थोडे लागतातच, पांढऱ्या पेशी त्यांच्याच जोरावर जंतू मारतात. पण तंबाखू, धूर, दारू, लठ्ठपणा यांमुळे ते फार वाढले की पेशींना इजा होते. हाच 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस'. हृदयविकार, मधुमेह, कॅन्सर यांच्याशी त्याचा संबंध आहे. 'क' आणि 'ई' जीवनसत्त्व, गाजरातलं बीटा कॅरोटीन हे त्या कणांना आवर घालतात.

*मग गोळीच घेतली तर?*
फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या २९ हजारांवर पुरुषांवर हे तपासलं. काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन दिलं, काहींना औषध नसलेली गोळी. १९९४ साली निकाल आला. बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी *जास्त* निघाला! अमेरिकेत बीटा कॅरोटीनसोबत 'अ' जीवनसत्त्वही देऊन पाहिलं. तिथेही कॅन्सर वाढलेला दिसला, म्हणून १९९६ मध्ये चाचणी मुदतीआधीच थांबवली.

भाज्या-फळं भरपूर खाणाऱ्यांत मात्र हृदयविकार कमी दिसतो. भाजीत एकच घटक नसतो, तंतू, खनिजं, जीवनसत्त्वं सगळं मापात असतं. नुसता युरिया ओतून पीक साधत नाही, तसंच हे.

*काय करायचं?*
✅ रोज माणशी किमान ४०० ग्रॅम भाज्या-फळं खा. बटाटा यात धरू नका.
✅ चांगला माल मार्केटला आणि घरात नुसती डाळ-भाकरी, असं नको. शेवग्याचा पाला, मेथी, टोमॅटो, गाजर, आवळा, पेरू घरात आधी ठेवा. पेरूत संत्र्यापेक्षा 'क' जीवनसत्त्व जास्त असतं.
✅ फवारलेला माल लेबलवरचे काढणीपूर्व दिवस भरल्यावरच काढा आणि धुऊन खा.
✅ लिंबू ताटात वाढल्यावर पिळा, उकळून 'क' जीवनसत्त्व कमी होतं.
❌ तळणीचं तेल पुन्हापुन्हा तापवू नका. खवट शेंगदाणे खाऊ नका.
❌ आवळा खाल्ला म्हणून बिडी, तंबाखू माफ होत नाही. फवारणीला हातमोजे, मास्क लागतोच.

*महत्त्वाचं:* बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी बीटा कॅरोटीनच्या गोळ्या घेऊ नयेत. कॅन्सरचे उपचार चालू असतील तर कोणतीही पावडर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. मात्र डॉक्टरांनी लिहून दिलेल्या लोहाच्या, जीवनसत्त्वाच्या किंवा शुगर-बीपीच्या गोळ्या मनाने बंद करू नका.

घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी