शिष्यवृत्ती किती, त्याआधी कधी?

बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्याला ऋतूचा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. राज्यात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांच्या मासेमारीवर बंदी असते, आणि कॉलेजांचे प्रवेशही साधारण याच दिवसांत होतात. दर्यावर पोट असलेल्या घराची आवक आटते, तेव्हाच फीची मागणी दारात उभी राहते. म्हणून शिष्यवृत्तीची रक्कम किती, याइतकाच ती हातात कधी पडते हा प्रश्नही मोलाचा आहे.

योजना आहेत. व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या, 8 लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या घरांतील इतर मागास, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गांतील मुलींना 2024-25 पासून शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज प्रवेशानंतर भरायचा, मग कॉलेजची आणि विभागाची पडताळणी. तोवर घर उसनवारी करते. रक्कम आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. ते जुने, बंद खाते निघाले, तर पैसे अडकतात.

आधी पैसे दिले तर गैरवापर होईल, असा आक्षेप घेतला जातो. पडताळणी हवीच, पण उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला प्रवेशाआधीही तपासता येतो, आणि शुल्क थेट कॉलेजला देता येते. कर्ज हा पर्याय आहेच. मात्र हक्काची मदत उशिरा येते म्हणून व्याज भरणे न्याय्य नाही. दाखले मे महिन्यातच काढून ठेवावेत; शासनानेही मदत फी भरण्याच्या वेळी पोहोचवावी.