वेलाला मांडव, हाताला भाजी

पावसाळा लागला की परसात दोडका, कारलं, गिलकं, दुधी असं काही ना काही आपण टोचतोच. बी उगवतं, वेल सुटतो आणि मग तो जातो मिळेल तिकडे. कुंपणाच्या काट्यांवर, गोठ्याच्या पत्र्यावर, नाही तर चिखलात. जमिनीला टेकलेलं दोडकं ओल्या बाजूनं सडतं, वाकडं होतं. ऐन श्रावणात भाजी महाग असते, आणि निंदणाची कामं संपल्यानं मजुरीही नसते. घरात भाजी कमी पडली की ती कोणाच्या ताटातून कमी होते, हे मी सांगायला नको.

म्हणून मैत्रिणींनो, वेलाला मांडव घाला. खर्च फार नाही. चार बांबू, थोडी तार आणि दोरी. आपली काळी माती पावसात फुगते आणि खांब सैल पडतात, म्हणून दोन फूट खोल गाडून भोवती दगड ठेचून भरा. साधी सुतळी भर पावसात कुजते, नायलॉनची दोरी बरी. तुराट्या आडव्या बांधल्या तर उत्तमच. पऱ्हाट्या मात्र नकोत. त्यांत राहिलेल्या बोंडांतून गुलाबी बोंडअळी पुढच्या कपाशीवर जाते, म्हणून कृषी खातंही त्या साठवू नका म्हणतं. तारेचा मांडव घरावर येणाऱ्या विजेच्या वायरपासून लांबच हवा. ओला वेल वायरला लागला तर जिवावर बेतेल.

मांडवाची उंची घरातल्या बाईच्या हातानं ठरवावी. पुरुष मंडळी बांधतात तेव्हा आपल्या उंचीनं बांधतात, मग भाजी तोडायला रोज स्टूल लागतं! जागा अरुंद असेल तर आडवा मांडव सोडा, भिंतीपासून हातभर अंतरावर उभी जाळी करा.

दोडका, कारलं, काकडी यांचे वेल तणाव्यांनी धरतात. बारीक तणावा जाड बांबूला धरू शकत नाही, त्याला दोरीच लागते. वालाचं उलट, तो अख्खा खांबाला वेढे घालत चढतो. त्याला नुसती काठी पुरते, शेवग्याचं झाडही चालतं. वेल मांडवाला टेकेपर्यंत खालचे बगलफुटवे खुडत राहा, वर गेल्यावर मात्र त्याला मोकळं सोडा.

"फुलं पुष्कळ येतात, पण कळ्या पिवळ्या पडून गळतात, नजर लागली असेल," असं बचत गटाच्या बैठकीत हमखास ऐकू येतं. नजर नाही हो! नर आणि मादी फुलं वेगवेगळी असतात. मादी फुलाच्या मागे इवलंसं फळ दिसतं. मधमाशीनं नर फुलाचे परागकण तिथे नेले नाहीत तर ते गळतं, आणि झडीच्या पावसात मधमाशी कुठून येणार? मग ते काम आपण करायचं. नर फूल तोडून मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवायचं. दोडका आणि दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात, म्हणून दिवेलागणीला. कारल्याची सकाळी.

घाटावर बुलडाणा, चिखलीकडे पाण्याची चव गोड, तर घाटाखाली शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूरच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी खारं. तिथे पावसाळी वेलच सोपे. पाऊस उघडला की भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी आळ्यात ओता.

बी दरवर्षी विकत घ्यायला नको. संकरित बियाणाचं बी धरून उपयोग नाही, पुढच्या पिढीत तसं फळ येत नाही. गावरान असेल किंवा राहुरी विद्यापीठाच्या 'फुले सुचेता' दोडक्यासारखं सुधारित वाण असेल, तर एक चांगलं फळ वेलावरच वाळू द्या. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी असंच गावरान बी जपलं, वाटलं, आणि 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. गटातल्या बायकांनी बी अदलाबदल केलं तर एकीचा दोडका, दुसरीचा वाल घरोघरी जाईल. बुलडाणा आणि जळगाव जामोदच्या कृषी विज्ञान केंद्रांतही चौकशी करून बघा.

घरच्या बियाचा दुधी चिरला की आधी तुकडा जिभेवर ठेवून पाहा. कडू लागला तर सरळ फेकून द्या. रस तर मुळीच पिऊ नका, कडू दुधीच्या रसानं माणसं दगावली आहेत.