वाचाळ आणि वक्ता : एकाच धातूची दोन लेकरे

मुलांच्या इंग्रजीच्या वहीत कधीतरी ‘लोक्वेशस’ हा शब्द येतो. समोर अर्थ असतो – बडबड्या. मुले तो पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. ज्या घरात इंग्रजी समजावून सांगणारे कोणी नाही, तिथे तर घोकंपट्टीच उरते. म्हणून या शब्दाचे सगळे कुटुंबच आम्ही येथे देत आहोत. कुटुंब ओळखीचे झाले की एकेक शब्द घोकावा लागत नाही.

प्राचीन रोमच्या लॅटिन भाषेत ‘लोक्वी’ म्हणजे बोलणे. त्याला ‘आक्स’ हा प्रत्यय लागून ‘लोक्वाक्स’ झाला. हा प्रत्यय ओढा किंवा खोड दाखवतो. ‘तेनेरे’ म्हणजे धरणे. त्यावरून टेनेशस म्हणजे चिवट. ‘वोरारे’ म्हणजे गिळणे. त्यावरून व्होरेशस म्हणजे खादाड. तसाच लोक्वेशस म्हणजे ज्याला बोलण्याची खोड आहे तो.

आता याची भावंडे पाहा. ‘ए’ म्हणजे बाहेर. मनातले नेमके बाहेर मांडतो तो इलोक्वंट, म्हणजे उत्तम वक्ता. शाळेतली इलोक्यूशन स्पर्धा याच घरातली. ‘सोलुस’ म्हणजे एकटा. म्हणून सलिलक्वी म्हणजे नाटकातले स्वगत. ‘वेंतेर’ म्हणजे पोट. म्हणून व्हेंट्रिलोक्विस्ट म्हणजे पोटातून बोलणारा, आपला शब्दभ्रमकार. रामदास पाध्ये अर्धवटरावांना बोलते करतात ती हीच कला. आवाज काही पोटातून येत नाही, ओठ न हलवता काढलेला असतो. पण जुन्या समजुतीचे नाव चिकटले ते चिकटलेच.

आपल्याकडेही असेच घडले आहे. संस्कृतात ‘वाच्’ म्हणजे वाणी. तिच्यापासून वाग्मी, म्हणजे उत्तम बोलणारा, आणि वाचाळ, म्हणजे नको तितके बोलणारा, असे दोन्ही शब्द झाले. पाणिनीच्या व्याकरणात या दोघांचे नियम लागोपाठच येतात. मूळ एकच, पुढे काय जोडले, त्यावर मान की निंदा ते ठरले.

घरातही हेच घडते. सतत प्रश्न विचारणाऱ्या मुलाला, त्यातही मुलीला, आपण ‘वाचाळ’, ‘तोंडाळ’ म्हणून गप्प करतो. आईबापांनो, बोलण्याची ओढ हे मूळ आहे, ते खुडू नका. एखाद्या विषयावर पाच मिनिटे नेमके बोलायला लावा, तिचे म्हणणे शेवटपर्यंत ऐका. आज जिला बडबडी म्हणता, तीच उद्या सभेत उभी राहून चार माणसांचे म्हणणे मांडेल.