विरघळणारे शंख

समुद्रात तरंगणारी गोगलगाय आपण कधी पाहिली आहे काय? ती जेमतेम मसुराच्या दाण्याएवढी असते. पायाचे दोन पंख झालेले, आणि शंख काचेसारखा पारदर्शक. पाण्यातील कॅल्शियम व कार्बोनेट यांपासून ती हा शंख घडविते. धुराड्यांतील कार्बन डायॉक्साइड वायू समुद्रात मुरला की कार्बोनिक आम्ल बनते, आणि त्यातील हायड्रोजनचे कण नेमके हे कार्बोनेट पळवितात. गवंड्याच्या हातची वीटच काढून घ्यावी, तसे हे! कार्बोनेट फारच उणे झाले, तर उभी भिंतही विरघळू लागते.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगत खोल समुद्राचे थंड पाणी वर येते. त्यात हा वायू मुळातच अधिक असतो. वर माणसाच्या धुराची भर. २०११ साली शास्त्रज्ञांनी तेथील गोगलगाई सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या, तेव्हा किनाऱ्याजवळच्या ५३ टक्के गोगलगाईंचे शंख गंभीर झिजलेले आढळले. दूरच्या समुद्रात हे प्रमाण २४ टक्के होते. आतून नवा थर देऊन शंखाची डागडुजी करणे या जिवाला साधते, परंतु त्यासाठी अंगची शक्ती खर्ची पडते. उत्तर पॅसिफिकमधील गुलाबी सॅमन मासा कोवळ्या वयात याच गोगलगाईंवर पोसतो, आणि त्या माशावर कोळ्यांची चूल.