मँचेस्टरहून गोव्यात आलेली पद्धत आणि पारशिवनी

स्वमग्न मुलाशी आईवडिलांनी कसं खेळावं, कसं बोलावं हे शिकवणारी एक पद्धत इंग्लंडमध्ये मँचेस्टरला तयार झाली. तिथे ती भाषा-वाचा तज्ज्ञ वापरत. गोव्यातली 'संगत' संस्था आणि पाकिस्तानात रावळपिंडीचे संशोधक यांनी मँचेस्टरच्या संशोधकांबरोबर काम करून ती आपल्याकडच्या घरांसाठी बदलून घेतली आणि तज्ज्ञ नसलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांना शिकवली.

कार्यकर्ता आई आणि मुलाच्या खेळाचा व्हिडिओ काढतो. मग कार्यकर्ता आणि आई मिळून तो पाहतात: मुलानं कुठे पाहिलं, आई कुठे थांबली, कुठे घाई झाली. सल्ल्यापेक्षा हे पाहणंच आईला जास्त शिकवतं, असं मला वाटतं.

भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांतल्या 65 मुलांवरच्या चाचणीचे निष्कर्ष 2016 मध्ये 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री'त आले. पालकांचा प्रतिसाद मुलाच्या कलानं जाऊ लागला, मुलं स्वतःहून अधिक संवाद सुरू करू लागली. मात्र दोघांचं लक्ष एकाच गोष्टीवर राहण्याचा वेळ घटला; तेही संशोधकांनी लपवलं नाही.

नागपूर जिल्ह्यातल्या पारशिवनीसारख्या तालुक्याला अशाच देवाणघेवाणीची खरी गरज आहे. तज्ज्ञ नागपूरला असतात. आशाताई आणि अंगणवाडीताई गावातच असतात. परदेशी शिकून आलेल्या डॉक्टरांनी त्यांना शिकवावं आणि पुढेही नियमित मार्गदर्शन करावं. तोवर पालकांना टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 क्रमांकावर मोफत बोलता येतं.